प्लायवूडची भिंत : करसुधारणा आणि उद्योगातली कल्पकता

भोसरीतल्या त्या शेडवर मी पहिल्यांदा गेलो, तो २००८ सालचा मार्च महिना होता. दारावर दोन पाट्या होत्या, एक नवऱ्याच्या फर्मची आणि दुसरी बायकोच्या. आत पाऊल टाकलं की शेडच्या मधोमध, थेट पत्र्यापर्यंत चढवलेली प्लायवूडची भिंत. डावीकडे तीन लेथ, उजवीकडे दोन मिलिंग मशीन आणि एक सरफेस ग्राइंडर. विजेचे मीटर दोन, हजेरीपुस्तकं दोन, बिलबुकं दोन. लेथवरून उतरलेले जॉब मिलिंगला न्यायचे, तर हेल्पर क्रेट उचलून पुढच्या दाराने उन्हात यायचा आणि शेजारच्या दाराने पुन्हा आत शिरायचा. दिवसभर हेच चालायचं.

शेडचे मालक आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलेले, एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये पंधरा वर्षं काढलेले. मी गेलो होतो त्यांचे वर्षाअखेरचे हिशेब बघायला. त्यांना मात्र मला वेगळंच काही दाखवायचं होतं. तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक फिक्स्चर त्यांनी टेबलावर ठेवलं. पूर्वी एका वेळी एकच जॉब पकडता यायचा, यात चार बसत होते, आणि एक हँडल आवळलं की चारही घट्ट होत होते. गिऱ्हाईक कंपनी खूश होती, दुप्पट ऑर्डर द्यायला तयार होती.

“घेत नाही,” ते म्हणाले. “दीड कोटीच्या वर गेलं की एक्साइज लागतं. मग नोंदणी आली, रजिस्टरं आली, इन्स्पेक्टर आला. मी मशीनवर उभा राहू, की टेबलावर बसू?”

तेव्हाच्या नियमानुसार लहान कारखान्याला वर्षाकाठी दीड कोटी रुपयांपर्यंतच्या मालावर केंद्रीय उत्पादन शुल्क माफ होतं. ही माफी दोन्ही फर्मांना स्वतंत्रपणे मिळावी, खात्याने त्या एकत्र धरू नयेत, म्हणून ती भिंत. फिक्स्चर पुन्हा फडक्यात गेलं आणि फडकं रॅकवर. मार्च संपेपर्यंत नवं बिल फाडायचं नाही, असं ठरलं.

या पुस्तकाचा विषय ती भिंत आहे. कर माणसाचा पैसा नेतो, हे सगळ्यांना दिसतं. माणसाने आपली अक्कल कुठे खर्च करावी, हेही कर ठरवत असतो, आणि ते कुठल्याच ताळेबंदात उमटत नाही. त्या कारखानदाराकडे कल्पना होती, हात होते, गिऱ्हाईक होतं. त्यांच्या हुशारीतला मोठा वाटा मात्र आपण मोठे दिसू नये, यातच खर्ची पडत होता. विकसनशील देशांत करसुधारणेची परीक्षा घ्यायची असेल तर एक साधा प्रश्न पुरे आहे, असं मला अनेक वर्षं हिशेबाच्या वह्या चाळून वाटू लागलं आहे : या सुधारणेमुळे कारखानदाराचं डोकं त्याच्या कामाकडे परत आलं का?

आधी एका शब्दाविषयी. सरकारी मराठीत ‘नवोन्मेष’ हा शब्द रुळला आहे. तो चांगला आहे, पण तो ऐकला की डोळ्यांपुढे काचेची प्रयोगशाळा आणि पांढरा कोट येतो. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींत नवं काही घडतं ते बहुधा चालू कामाच्या पोटात घडतं. साचा थोडा बदलला आणि भंगार कमी झालं, रंगाची भट्टी वेगळ्या क्रमाने लावली आणि गॅस वाचला, मापाचं गेज असं केलं की नवख्या पोरालाही चूक करता येऊ नये. शेडमधली माणसं याला ‘सुधारणा’ म्हणतात किंवा नुसतंच ‘डोकं लावलं’ म्हणतात. या पुस्तकात मी ‘कल्पकता’ हा शब्द अधिक वापरला आहे. त्यात प्रयोगशाळाही येते आणि भोसरीचं फिक्स्चरही येतं. करकायद्याला मात्र बहुतेक वेळा पहिलीच दिसते. ही तक्रार या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल.

कर आणि उद्योग यांचं नातं आपल्याकडे कडवट आठवणींनी सुरू होतं. १८९६ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गिरणीत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. बाहेरून येणाऱ्या कापडावर जेवढी आयात जकात, तेवढाच हा कर, म्हणजे लँकेशायरच्या गिरण्यांना इथली स्पर्धा जड जाऊ नये. मुंबईच्या गिरण्यांनी तो जवळजवळ तीस वर्षं सोसला. स्वातंत्र्यानंतर कारण बदललं, पण उद्योजकाचं लक्ष करापासून सुटलं नाही. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती राहणार असतील, तर शेवटचे शंभर रुपये प्रामाणिकपणे कमावण्याऐवजी ते लपवण्यातच शहाणपण आहे, असं त्या काळातल्या एका पिढीने मानलं. पुढे राजा चेलय्या समितीच्या शिफारशींनी दिशा बदलली आणि १९९७ च्या अर्थसंकल्पात व्यक्तीसाठीचा सर्वोच्च दर ३० टक्क्यांवर आला. लपवण्याचा नफा कमी झाला, हाच या बदलाचा मोठा लाभ.

दर कमी होणं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतं. माझ्या मते कल्पकतेच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट आतल्या पानांत राहून गेली. ती म्हणजे करावर कर लागणं थांबलं. हे आकड्यांनीच समजून घेऊ.

धरून चालू की प्रत्येक विक्रीवर दहा टक्के कर आहे आणि आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. पोलाद विकणारा १०,००० रुपयांचा माल १,००० रुपये कर लावून ११,००० ला देतो. टर्निंग करणारा त्यात ४,००० रुपयांचं काम घालतो, १५,००० वर १,५०० कर लावून १६,५०० ला पुढे पाठवतो. प्लेटिंगवाला ३,५०० रुपयांचं काम करतो, २०,००० वर २,००० कर लावतो, आणि माल गिऱ्हाइकाला २२,००० ला पडतो. आता टर्निंग आणि प्लेटिंग दोन्ही एकाच कारखान्याने केलं, तर ११,००० मध्ये ७,५०० मिळवून १८,५००, त्यावर कर १,८५०, आणि किंमत २०,३५०. काम तेच, माणसं तेवढीच, तरी तीन दारांतून गेलेला माल १,६५० रुपयांनी महाग. मागच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट मिळाली, तर दोन्ही वाटांनी किंमत १९,२५० च येते.

या १,६५० रुपयांत फार मोठी गोष्ट दडली आहे. जुन्या पद्धतीत मोठ्या कारखान्याला सगळं एकाच छपराखाली करणं परवडतं, मग भले त्याचं प्लेटिंग सुमार का असेना. नुसतं प्लेटिंग करणारा, त्यातच आयुष्य घालणारा माणूस उभाच राहत नाही. आणि कल्पकता येते ती अशाच माणसाकडून. दहा कंपन्यांचं काम ज्याच्या टाकीतून जातं, त्यालाच कुठल्या पोलादावर कुठला थर टिकतो हे कळतं. त्यालाच नवी टाकी, नवं रसायन, सांडपाण्याची नवी व्यवस्था परवडते. म्हणजे वजावटीचा तो रुक्ष नियम खरं तर श्रमविभागणीचा आणि म्हणून कसबाचा नियम आहे.

भारताला तो नियम पुरता लागू करायला तीन दशकं लागली. एल. के. झा समितीने १९७८ मध्ये दिशा दाखवली. विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना १९८६ मध्ये ‘मॉडव्हॅट’ आला आणि कारखान्यांना कच्च्या मालावरच्या उत्पादन शुल्काची वजावट मिळू लागली. महाराष्ट्रात विक्रीकराच्या जागी १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला. वस्तू आणि सेवा यांचा एकच देशव्यापी कर असावा, ही शिफारस विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या कृतिदलाने २००४ मध्ये केली. केळकर पुण्याचे, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव घरचं वाटावं. १०१ वी घटनादुरुस्ती २०१६ मध्ये झाली आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला.

त्याच मध्यरात्री मुंबईची जकात इतिहासजमा झाली. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवरची ट्रकांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला जकातीचं अर्थशास्त्र शिकवावं लागत नाही. ट्रक उभा, ड्रायव्हर कागद घेऊन खिडकीशी, मालाच्या किमतीवरून वाद, आणि इकडे कारखान्यात त्या मालाविना मशीन बंद. जकात टाळायची म्हणून मुंबईच्या हद्दीबाहेर भिवंडीच्या आसपासच्या गावांत गोदामं पसरली. दुसरीकडे आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागायचा, पण आपल्याच एका गोदामातून दुसऱ्यात माल हलवला तर लागायचा नाही. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत छोटी छोटी गोदामं ठेवायच्या. गोदाम कुठे असावं, हे गिऱ्हाईक कुठे आहे यावरून ठरायचं नाही, करसल्लागाराच्या टेबलावर ठरायचं. जीएसटीनंतर मोठ्या, उंच, यंत्रांनी माल हलवणाऱ्या गोदामांना अर्थ आला, कारण आता आकाराचा फायदा घेता येऊ लागला. भिवंडीच टिकली आणि वाढली, पण आता ती बंदराच्या, महामार्गाच्या आणि मुंबईच्या जवळ आहे म्हणून.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जकात ही महापालिकेची स्वतःची मिळकत होती. ती गेल्यावर राज्य सरकारने २०१७ मध्येच भरपाईचा कायदा केला, तरी स्वतःच्या हक्काचा पैसा आणि वरून येणारा पैसा यांत फरक असतोच. सुधारणेची किंमत कोणीतरी मोजत असतं. ती कोणी मोजली, हे नोंदवणं प्रामाणिकपणाचं आहे.

वजावटीचा नियम यंत्रांनाही लागू झाला, ही गोष्ट मी फार मोलाची मानतो. तीस लाखांच्या व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) यंत्रावर १८ टक्क्यांनी ५ लाख ४० हजार कर होतो. जीएसटीत ही पूर्ण रक्कम लगेच वजावटीला मिळते. चीनने हाच धडा आपल्याआधी गिरवला. तिथल्या मूल्यवर्धित करात यंत्रांवरच्या कराची वजावट मिळत नसे. २००४ मध्ये ईशान्येकडच्या जुन्या औद्योगिक प्रांतांत ती सुरू केली आणि २००९ पासून देशभर. नवी यंत्रं घेणं स्वस्त झालं, आणि ज्या कारखान्यांना ही सवलत आधी मिळाली त्यांची गुंतवणूक आणि उत्पादकता दोन्ही इतरांपेक्षा वाढल्याचं अभ्यासकांना आढळलं. नवी कल्पना पुष्कळदा नव्या यंत्राबरोबरच कारखान्यात शिरते. म्हणून यंत्रावरचा कर हा शिकण्यावरचाही कर असतो.

मग सरकारने थेट संशोधनालाच सवलत का देऊ नये? द्यावी, आणि बहुतेक देश देतात. पण इथे पाय घसरण्याच्या जागा फार आहेत. आपल्याकडे कंपनीच्या स्वतःच्या संशोधन केंद्रावरच्या खर्चाची, मान्यता मिळाल्यास, दुप्पट वजावट प्राप्तिकरात मिळत असे. मार्च २०१७ नंतर ती दीडपट झाली आणि मार्च २०२० नंतर प्रत्यक्ष खर्चाएवढीच राहिली. औषधं आणि वाहनं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तिचा उपयोग केला. भोसरीच्या फिक्स्चरला ती कधीच मिळाली नसती, कारण तिथे ‘संशोधन केंद्र’ म्हणावं असं काही नव्हतं, होतं ते फक्त रात्री दिवा लावून बसलेलं एक डोकं. ब्राझीलने २००५ च्या कायद्याने संशोधनावर अशीच जादा वजावट दिली, पण प्रत्यक्ष नफ्यावर कर भरणाऱ्या कंपन्यांनाच. सोप्या ठोक पद्धतीने कर भरणाऱ्या लहान उद्योगांची गर्दी बाहेरच राहिली. ज्याला नफाच नाही त्याला वजावट देणं म्हणजे उपाशी माणसाला जेवणानंतरचा विडा देणं.

चीनचा अनुभव आणखी शिकवणारा आहे. तिथे उच्च तंत्रज्ञानाची कंपनी म्हणून मान्यता मिळाली की नफ्यावरचा कर २५ ऐवजी १५ टक्के होतो. मान्यतेची एक अट अशी की विक्रीच्या ठरावीक टक्के खर्च संशोधनावर दिसला पाहिजे. खर्च त्या रेषेच्या किंचित वर सरकलेल्या कंपन्यांचे ढीग आकडेवारीत दिसू लागले. करविवरणांचा बारकाईने अभ्यास केल्यावर नोंदवलेल्या संशोधनखर्चाचा जवळपास चौथा हिस्सा नुसतं नाव बदललेला कार्यालयीन खर्च असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे तीन हिस्से खरे होते, हेही विसरू नये. रेषा आखली की माणसं रेषेभोवती जमतात. आपल्या दीड कोटीच्या रेषेने माणसं खाली दबली, चीनच्या रेषेने वर ढकलली. दोन्हीकडे काही अक्कल कागदांत गेली.

कल्पना म्हणजे काय, हे कराला न कळल्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे आपला ‘एंजल टॅक्स’. २०१२ मध्ये काळा पैसा शेअरच्या रूपाने पांढरा होऊ नये म्हणून नियम आला की खासगी कंपनीने आपला शेअर ‘योग्य किमती’पेक्षा जास्त भावाने विकला, तर वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरली जाईल. हेतू चांगला होता. पण नव्या कंपनीपाशी असतं काय? दोन टेबलं, चार लॅपटॉप आणि एक कल्पना. गुंतवणूकदार पैसे देतो ते कल्पनेला. अधिकारी मोजणार टेबलं. तीन वर्षांपूर्वी मांडलेला विक्रीचा अंदाज आणि आजची विक्री यांतला फरक पुढे ठेवून, अंदाज खोटा होता असं म्हणणं सोपं असतं. प्रत्येक नवा उद्योग त्या कसोटीवर नापासच होणार, कारण अंदाज चुकणं हाच त्याचा धर्म आहे. २०१६ च्या ‘स्टार्टअप इंडिया’नंतर, विशेषतः २०१९ पासून, सवलती दिल्या गेल्या आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात हा कर रद्द करण्याची घोषणा झाली. बारा वर्षं लागली.

सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने दुसरी वाट धरली. बहुतेक सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना २२ टक्के आणि नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के दर. साधेपणा म्हणून मी या निर्णयाचं स्वागत करतो. सवलतींच्या जंगलात वाट काढणारे सल्लागार कमी लागतील. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. आपला देश संशोधन आणि विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, चीन २.४ टक्क्यांहून अधिक, आणि आपल्याकडे त्यातही खासगी उद्योगांचा वाटा निम्म्याहून कमी आहे. कमी दर उद्योजकाला मोकळा करतो. मोकळा झालेला पैसा तो प्रयोगात घालेल की जमिनीत, हे दर ठरवत नाही. म्हणून लहान कारखान्याला, मान्यतेच्या पायऱ्या न चढता, केलेल्या प्रयोगखर्चाचा काही भाग रोख परत मिळेल अशी व्यवस्था हवी, असं मत मी पुढच्या प्रकरणांत सविस्तर मांडलं आहे.

आणि जीएसटीचं काय? तो माझ्या शेडमधल्या माणसांचा रोजचा विषय आहे. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला कर भरायचा, गिऱ्हाइकाचे पैसे नव्वद दिवसांनी का येईनात. म्हणजे लहान कारखाना मोठ्या गिऱ्हाइकाला उधारी देतो आणि त्या उधारीवरचा करही पदरचा भरतो. पुरवठादाराने विवरण भरलं नाही तर खरेदीदाराची वजावट अडकते, म्हणून मोठ्या कंपन्या लहानांशी व्यवहार करायला कचरतात. लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्च म्हणून वजावट नाही, हा एप्रिल २०२४ पासून लागू झालेला प्राप्तिकराचा नियम मला योग्य दिशेचा वाटतो. कराचा धाक त्याने पहिल्यांदाच दुबळ्याच्या बाजूने वापरला. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक वस्तू ५ आणि १८ या दोन दरांत आल्या, तेही बरं झालं. बिस्किट कुठलं आणि मिठाई कुठली यावर वकील लावण्याचे दिवस काही अंशी कमी होतील.

ब्राझीलमध्ये एका मध्यम कंपनीला कर भरण्याच्या सोपस्कारांत वर्षाला सुमारे १,५०० तास लागतात, असं जागतिक बँकेच्या २०२० च्या अहवालात नोंदलं होतं. त्या देशाने डिसेंबर २०२३ मध्ये घटना बदलून पाच वेगवेगळे कर मोडीत काढायचं ठरवलं, आणि ही वाट २०३३ पर्यंत टप्प्याटप्प्याने चालायची आहे. कारखानदाराचं डोकं कामाकडे परत आलं का, या सुरुवातीच्या प्रश्नाला तासांचं परिमाण देता येतं, ते असं. संकलन किती वाढलं, हे अर्थमंत्री सांगतील. किती तास परत आले, हे कारखानदाराला विचारावं लागेल. हे पुस्तक त्यालाच विचारून लिहिलं आहे.

भोसरीच्या त्या शेडवर मी अजून जातो. जीएसटी आला, दीड कोटीची माफी गेली, दोन फर्मांची एक झाली. २०१८ च्या दिवाळीत त्यांनी प्लायवूडची भिंत पाडली. त्या मोकळ्या झालेल्या जागेत व्हीएमसी बसलं. फिक्स्चर रॅकवरून खाली आलं, पण दहा वर्षांत गिऱ्हाइकाने तो जॉबच बदलला होता. त्यांनी ते मोडून त्याच तत्त्वावर नवं केलं, सहा जॉबचं. वाया गेलेल्या त्या दहा वर्षांचा हिशेब कुठल्याही विवरणपत्रात भरता येत नाही. भिंत होती तिथे कोब्यावर अजून एक फिकट पट्टा दिसतो, आणि हेल्पर क्रेट घेऊन त्यावरून सरळ पलीकडे जातो.